वेगवेगळ्या वस्त्या एका कामात जोडायच्या आहेत? नागपुरात सुरुवात अशी करा

दरवर्षी कॉलेजं उघडली की मला फोन यायला लागतात. समाजकार्य शिकणारी मुलं, नुकतीच बदली होऊन आलेली एखादी शिक्षिका, निवृत्तीनंतर काहीतरी करू पाहणारे काकाजी. बोलणं साधारण एकसारखंच असतं. "ताई, आमच्या भागात लोक जातीजातीत, धर्माधर्मात वाटले गेलेत. सगळ्यांना जोडायचं आहे. एकतेचा मेळावा ठेवू का?" मी म्हणते, मेळावा राहू द्या. आधी एक नळ, एक शाळा नाहीतर एक भाड्याची खोली धरा आणि तिथून सुरू करा.

उत्तर नागपुरात या कामाला मला आता चौदा वर्षं झाली. मेळावे पुष्कळ पाहिले. स्टेजवर सगळ्या धर्मांची माणसं हात उंचावून उभी राहतात, फोटो निघतो, जेवण होतं, आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला की तीच जुनी रांग लागते: आधी यांची भांडी, मग त्यांची. त्या रांगेचा क्रम ठरवायला दोन्हीकडची माणसं बसली की मी त्याला भागीदारी म्हणते. समाजभवनाची किल्ली कोणाकडे, वर्गणीची वही कोणाच्या घरात, टँकरवाल्याचा नंबर कोणाच्या मोबाइलमध्ये, एवढं पाहिलं की वस्तीत कोणाची किती चालते ते समजतं. पुढे जे सांगते आहे ते सगळं या किल्लीभोवती आणि वहीभोवतीच फिरणार आहे.

"वंशभेद आपल्याकडे कुठे?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतंच, म्हणून उत्तर तयार ठेवा. वंशभेद म्हणजे गोरे-काळे, तो अमेरिकेत, आफ्रिकेत, अशी आपली समजूत असते. घटनेचं कलम १५ वाचून दाखवा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे पाचही शब्द एका ओळीत आहेत. संयुक्त राष्ट्रांचा वंशभेद निर्मूलनाचा करार १९६५ चा, भारताने तो १९६८ मध्ये मान्य केला. त्यात वंश आणि वर्णासोबत 'जन्माने मिळालेलं कुळ' हाही आधार धरलेला आहे. त्यात जातही येते असं त्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या सरकारला ते मान्य नाही, जात म्हणजे वंश नव्हे असं सरकार म्हणतं. हा वाद वस्तीत सोडवत बसू नका. ज्याला खोली नाकारली जाते त्याला कारण आडनाव होतं की डोळ्यांची ठेवण, याने काय फरक पडतो? दार तर बंदच झालं.

नागपूरकरांना हे पटवायला फार लांब जावं लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, तिथले लोक संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन देणार होते त्याची प्रत मागवली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. इंदोऱ्याच्या विहारातले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई जन्माने जपानी. १९६० च्या दशकात ते नागपुरात आले आणि इथलेच झाले. आणि हे शहर वसवलं कोणी? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, बारा लहान वस्त्या जोडून. इथे "बाहेरचा कोण" हे ठरवायला बसलं तर बहुतेकांची आजी-आजोबांची गाडी कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या गावाहून निघालेली सापडते. जरीपटक्यातले सिंधी फाळणीनंतर आले. छत्तीसगडचे मजूर, रेल्वेमुळे आलेले बंगाली आणि तेलुगू, सदरची ख्रिस्ती कुटुंबं, मोमिनपुऱ्यातले विणकर, हलबा कोष्टी. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेट्यांना लोक अजून परदेशी समजतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, म्हणजे ते विदर्भातले आपले शेजारीच.

पहिली पायरी: महिनाभर फक्त पाय झिजवा

पहिला महिना काहीही घोषित करू नका. ना ग्रुप, ना नाव, ना बॅनर. एक वही घ्या आणि एकाच वस्तीत, एकाच वेळेला, रोज जा. संध्याकाळी सातनंतर गेलात तर कामावरून परतलेली माणसं भेटतात, दुपारी दोन ते चार बाया भेटतात. दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय वस्ती पाहिली असं म्हणू नका.

कागदाचे नकाशे नंतर काढा. आधी डोळ्यांनी टिपा. नळावर कोण कोणाच्या भांड्याला हात लावत नाही. किराणा दुकानात उधारी कोणाला मिळते आणि कोणाला "आज रोख" म्हणतात. शाळा सुटल्यावर मुलं कोणाच्या घोळक्यात घरी जातात. लग्नाची पत्रिका कोणाच्या दारापर्यंत येते, आणि आलेला माणूस जेवून जातो की नुसता आहेर देऊन. मयतीला कोण खांदा देतं. शेवटच्या दोन गोष्टींतून जे कळतं ते दहा सर्वेक्षणांतून कळत नाही.

नमस्कार त्यांच्या पद्धतीने करा. कुठे जय भीम, कुठे सलाम, कुठे राम राम, गोंड घरात जय सेवा, सिंधी काकाजींना जय झुलेलाल. कोणी म्हणेल हा वरवरचा दिखावा आहे. माझा अनुभव वेगळा आहे. आपला नमस्कार समोरच्याने ओळखला की माणूस खुर्ची पुढे करतो. भाषेचंही तसंच. नागपुरात बैठक मराठीत सुरू होते, हिंदीत शिरते आणि मध्येच कोणी छत्तीसगढीत बोलतं. ते चालू द्या. "शुद्ध बोला" म्हणालात की अर्ध्या बाया गप्प होतात.

दुसरी पायरी: कोणाला सोबत घ्यायचं

नवीन माणूस सरळ नगरसेवकाकडे नाहीतर मंडळाच्या अध्यक्षाकडे जातो. त्यांना भेटा जरूर, नाहीतर ते दुखावतात आणि काम अडतं. पण कामाची माणसं दुसरीच असतात: आशाताई म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाची सचिव, विहाराच्या पंचकमेटीतला हिशेब लिहिणारा, मशिदीच्या कमिटीतला तो एक तरुण ज्याला सगळी मुलं 'भाई' म्हणतात, चौकातला ऑटोवाला. आशाताईला तर वस्तीतल्या प्रत्येक घराचा उंबरठा माहीत असतो. ती कोणत्याही जातीची असो, लेकरू बघायला आत जातेच. तिच्यासोबत दोन दिवस फिरलात तर तुमचे दोन महिने वाचतात.

माझा एक नियम आहे. प्रत्येक गटातून दोन माणसं, त्यातली एक बाई, आणि सगळ्यांत मिळून निदान तिघं पंचविशीच्या आतली. एकटा प्रतिनिधी आला की त्याचं मत म्हणजेच समाजाचं मत होऊन बसतं. दोघं आले की त्यांचंच आपसात जुळत नाही आणि खरी गोष्ट बाहेर येते.

मग स्वतःला विचारा, यादीत कोण नाही? जवळजवळ हमखास हे लोक सुटतात: सफाई कामगारांची घरं, रिंग रोडच्या कडेला पाल ठोकून राहणारी पारधी कुटुंबं, तृतीयपंथी, भाडेकरू, वसतिगृहात राहणारे ईशान्येकडचे आणि परदेशी विद्यार्थी. पारधी कुटुंबाकडे जाताना एवढं लक्षात असू द्या की इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी पालाकडे वळते. त्यामुळे वही काढून नावं लिहायला लागलात तर ते उठून जातील. पहिल्या चार भेटी वहीशिवाय करा.

तिसरी पायरी: बैठक कुठे घ्यायची

इथे मी स्वतः चुकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

कामाला लागून जेमतेम वर्ष झालं असेल. एप्रिल होता, ऊन मी म्हणत होतं. वस्तीत सगळ्यात मोठी, थंड जागा म्हणजे एका देवळाचं सभागृह. विश्वस्तांनी आनंदाने दिलं, सतरंज्या अंथरल्या, माठ भरून ठेवला. ठरलेल्या वेळी पस्तीसेक लोक आत बसले. मी बोलायला उभी राहिले आणि खिडकीतून बाहेर लक्ष गेलं. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली दहा-बारा बाया उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात चपला. आत येत नव्हत्या, घरीही जात नव्हत्या. मी बाहेर गेले, म्हटलं, "मावशी, आत चला ना, उन्हात काहून उभ्या?" त्यातली थोराड मावशी हसली. म्हणाली, "आमी इथंच बऱ्या बाई. तिथं आमची सवय नाही."

सवय नाही. कोणी त्यांना अडवलं नव्हतं. दार सताड उघडं होतं. विश्वस्तांना तर कळलंसुद्धा नाही. पण त्या मावशीच्या सासूला कधीकाळी त्याच पायरीवरून परत पाठवलं होतं, आणि ती गोष्ट घरात सांगितली जात होती. मला ती माहीत नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही सतरंज्या उचलून कडुनिंबाखाली आणल्या. आतले काही जण आले, काही घरी गेले. जे आले त्यांच्याबरोबर आजही काम सुरू आहे.

तेव्हापासून पहिली बैठक कोणत्याच देवळात, विहारात, मशिदीत किंवा चर्चमध्ये घेत नाही. मनपाच्या शाळेचा वर्ग, अंगणवाडी, झाडाखालची मोकळी जागा, चालेल. वर्षभराने आळीपाळीने प्रत्येकाच्या जागेत जाता येतं, आणि जावंच. मशिदीच्या अंगणात बसून हलबा आजीने पहिल्यांदा चहा घेतला तो दिवस आमच्या वस्तीत अजून आठवतात. पण तो पहिला दिवस होऊ शकला नसता.

चहाचंही पाहून ठेवा. घरून कप आणायला सांगू नका आणि कागदी कपांची पळवाट काढू नका. एकाच प्रकारचे स्टीलचे ग्लास आणा, बैठकीनंतर धुवायची पाळी लावा, आणि पाळीत पुरुषांची नावं पहिली लिहा. बसायचं तर सगळे सतरंजीवर. पाहुण्याला खुर्ची आणि बाकीच्यांना खाली, असं एकदा झालं की पुढचं सगळं तसंच बसतं.

चौथी पायरी: एकच काम निवडा

काम असं हवं की त्याची गरज सगळ्यांना आहे, तीन महिन्यांत काहीतरी हाताला लागतं आणि एकट्या गटाला ते जमत नाही. पाणी, कचरा, शाळा, रस्त्यावरचे दिवे, रेशन. उन्हाळ्यात नागपूर पंचेचाळीसच्या पुढे जातं तेव्हा पाण्याइतकं जोडणारं आणि तोडणारं दुसरं काही नसतं.

शाळा हे माझ्या मते सगळ्यात चांगलं पहिलं काम. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावर असते, सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. यादी मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाने अर्ज केला तर फीही नाही. उत्तर आलं की चार वस्त्यांतले पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा. भांडायला जाऊ नका, "आम्हाला समितीत काम करायचं आहे" एवढंच म्हणा. खिचडीच्या रांगेत मुलं कशी बसतात, शौचालय कोण साफ करतं, कोणत्या मुलांना मागच्या बाकावर बसवतात, हे सगळं त्या समितीत बसून बदलता येतं, आणि मुलांच्या निमित्ताने आईबाप एकमेकांशी बोलायला लागतात.

पाण्या-कचऱ्याची तक्रार असेल तर मनपाच्या झोन कार्यालयात जावं लागतं. नागपुरात दहा झोन आहेत. उत्तरेकडच्या बऱ्याच वस्त्या आशीनगर आणि मंगळवारी झोनमध्ये येतात. निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. निवेदनावर सह्या करताना एका जातीच्या दहा, मग दुसऱ्या जातीच्या दहा असं होऊ देऊ नका. गल्लीप्रमाणे घ्या.

थोडं मोठं काम पेलेल असं वाटलं तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे दिवस आहेत. देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीला येतात. पाणी, जेवण, औषध, हरवलेली मुलं, हजार कामं असतात. तीन दिवस एका स्टॉलवर वेगवेगळ्या समाजांच्या पोरांनी मिळून पाणी वाटलं की त्यांना वेगळं समतेचं व्याख्यान लागत नाही. फक्त परवानगी आणि जागेचं आधी विचारून घ्या, ऐनवेळी टेबल मांडून चालत नाही.

पाचवी पायरी: एक पान लिहा, आणि पैशाचं

तोंडी ठरलेलं तीन महिन्यांत विसरलं जातं. एका पानावर लिहा: काम कोणतं, कोणकोण सोबत, बैठक कधी, निर्णय कसा होणार, किल्ली कोणाकडे, वही कोणाकडे, भांडण झालं तर कोणाकडे जायचं. किल्ली दोघांकडे ठेवा, वेगळ्या समाजांच्या. वही लिहिणारा आणि पैसे सांभाळणारा एक नको. दर सहा महिन्यांनी अदलाबदल करा, आणि हे पानावर तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर "पुढच्या वेळी बघू" होतं.

नोंदणीच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, मग धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, दरवर्षीचे हिशेब. त्यात सगळा जीव जातो आणि अध्यक्ष कोण यावरून पहिलं भांडण होतं. परदेशातून कोणी मदत देतो म्हणालं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, ओळखीतल्या माणसाच्या खात्यातूनसुद्धा नाही.

भाड्याच्या खोलीचं काम

हे कुठल्या पायरीत बसवावं ते मला ठरवता आलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी मिझोरमहून नर्सिंग शिकायला आलेल्या एका मुलीसोबत मी खोली बघत होते. फोनवर मी बोलले, "हो हो, रिकामी आहे, या." आम्ही दोघी पोचलो. घरमालकीण बाईंनी दारातच तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, आत्ताच दिली." मागे खोलीचं दार उघडं होतं, आत रिकामी खाट, भिंतीवर खिळा आणि खिळ्याला अडकवलेली किल्ली. मुलगी काही बोलली नाही. रस्त्यावर आल्यावर तिने मला धीर दिला, "इट्स ओके दीदी, होता है." ही तिची सातवी खोली होती. तेच दुसऱ्या दिवशी एका मुस्लिम जोडप्याबरोबर झालं, आणि तेच "पूर्ण नाव सांगा" म्हणत आडनावापर्यंत पोचणाऱ्या मालकांकडे आमच्या बौद्ध मुलांबरोबर रोज होतं. आपल्या मुलांना जो अनुभव येतो तोच त्या मिझो मुलीला येतो हे आमच्या बचत गटाच्या बायांना त्या दिवशी कळलं, आणि तिथून काम उभं राहिलं.

आम्ही काय केलं ते तसंच्या तसं करता येईल. दोन फोनची पद्धत ठेवली: एक फोन अशा माणसाने करायचा ज्याला खोली नाकारत नाहीत, दुसरा अर्ध्या तासाने ज्याला नाकारतात त्याने. उत्तर, वेळ, तारीख लिहून ठेवायची. यातून "आपला गैरसमज तर नाही ना" हा संशय जातो. खासगी घरमालकाने खोली नाकारली तर प्रत्येक वेळी लावायला सरळ कलम हाती असेलच असं नाही, म्हणून आम्ही पोलिसांकडे न जाता बायांकडे गेलो. गटातल्या ज्यांच्याकडे रिकामी खोली होती त्या सहा जणींनी नावं दिली. अट एकच, आडनाव आणि धर्म विचारायचा नाही. भाडं, वेळ आणि पाहुणे यांचे नियम सगळ्यांना सारखे. भाडेकरूची पोलिस पडताळणी करून द्यायला आमचा एक मुलगा सोबत जातो, म्हणजे "कागदाची कटकट नको" ही सबब उरत नाही. मांसाहाराचा प्रश्न येतोच. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सांगावं, आणि जे घरात स्वतः रविवारी सावजी रस्सा करतात त्यांनी ती अट पुढे करू नये, हे बायांनीच एकमेकींना सुनावलं. आज यादीत सहाच्या कितीतरी पट घरं आहेत.

सहावी पायरी: घटना घडलीच तर

भागीदारी जमली असं वाटत असतानाच एखाद्या संध्याकाळी फोन येतो. कोणाला जातीवरून शिवी दिली, कोणाला मारलं, कोणाचं पाणी तोडलं. त्या वेळी घाबरून जाऊ नये म्हणून हे आधीच सगळ्यांनी वाचून ठेवा.

पहिल्या तासात पीडित माणूस सुरक्षित आहे ना ते बघा. मारहाण असेल तर आधी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात न्या आणि मेडिको-लीगल, म्हणजे पोलिस केससाठी लागणारी वैद्यकीय नोंद करायला सांगा. पोलिसांना ११२ लावा. मग घटना त्याच रात्री लिहून काढा: ठिकाण, वेळ, कोण हजर होतं, आणि नेमके शब्द. "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढं लिहून भागत नाही. जो शब्द वापरला तो जसाच्या तसा, कितीही घाण असला तरी. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ खाली शिवी किंवा अपमान हा लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, म्हणून साक्षीदार कुठे उभे होते तेही लिहा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो. जातीचा दाखला शोधून ठेवा. तपास सहायक पोलिस आयुक्त किंवा त्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ठाणं आपल्या हद्दीतलं नाही म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवायला सांगा.

ईशान्येकडच्या मुलांना बहुतेक जण सांगतात, "तुझा दाखला तुझ्या राज्याचा, इथे चालणार नाही." हे चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं आहे की या कायद्याचं संरक्षण माणूस दुसऱ्या राज्यात गेला म्हणून संपत नाही. 'चिंकी', 'मोमो' म्हणून हाक मारणं गंमत नाही हे आपल्या पोरांनाही समजवा. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची केसांवरून टर उडवली, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतरच ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या बेझबरुआ समितीचा अहवाल आला.

त्रास आपल्याच जातपंचायतीकडून असेल, वाळीत टाकलं असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा २०१६ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण भागीदारीतल्या लोकांना सगळ्यात अवघड जातं, कारण आरोपी आपल्याच बैठकीत बसलेला असतो.

वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि मूल यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. सरकारी आर्थिक मदतीसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, म्हणजे दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात, पाठपुरावा करावा लागतो. अनेक गुन्ह्यांत पहिला हप्ता एफआयआरच्या टप्प्यावरच देय असतो, पण विचारल्याशिवाय तो हलत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. पीडिताचा व्हिडिओ ग्रुपवर फिरवू नका. त्याला विचारल्याशिवाय मोर्चा काढू नका. तक्रार करायची की नाही हे तो ठरवेल, आपण त्याच्यासोबत ठाण्यात बसायचं, रात्री बारा वाजले तरी. पहिल्या रात्री त्याच्यासोबत बसलेल्यांत निदान एक जण दुसऱ्या समाजाचा असू द्या. ठाण्यातला सूरही त्याने बदलतो, आणि पीडिताच्या घरातलाही.

वर्षाचे काही दिवस

१४ एप्रिल आणि २६ नोव्हेंबर सगळे करतात. सोबत हेही धरा: २१ मार्च हा वंशभेद निर्मूलनाचा दिवस, १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला गोळीबारात ६९ माणसं मारली गेली त्याची आठवण. ९ ऑगस्ट आदिवासी दिन. ३१ ऑगस्ट, भटक्या-विमुक्तांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला तो दिवस. आणि २३ नोव्हेंबर. १९९४ मध्ये हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव गेले, इथेच, आपल्या शहरात. झिरो माइलजवळच्या त्या स्मारकावरून आपण रोज जातो. यंदा तुमच्या गटातल्या गोवारी नसलेल्या मुलांना घेऊन तिथे जा, आणि कोणी म्हातारं माणूस बोलायला तयार असेल तर ऐका.

काम चाललंय की नाही, हे कसं ओळखायचं

बैठका किती झाल्या ते मोजू नका. वर्षाच्या शेवटी पहिल्या महिन्याची वही काढा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. पत्रिका कोणाच्या दारी गेली? आलेला माणूस जेवला का? उधारीच्या वहीत कोणती नवी नावं आली? किल्ली किती हातांतून फिरली? उत्तर जुनंच आलं तर काम बदला, माणसं बदलू नका.

पहिल्या दिवशी जाताना पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा आणि दहा-दहाच्या नोटा सोबत ठेवा, म्हणजे टपरीवरच्या चहाचे पैसे तुम्ही देऊ शकाल. गळ्यात ओळखपत्र अडकवू नका. आशाताईचा नंबर आधी मिळवा, आणि तिला कोणत्या दुपारी वेळ आहे ते विचारून घ्या.